जनावराची कातडी आणि मेलोक्सिकॅम : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

२ जून, पणजी

आज मॅडमनी विषय मान्य केला. औषध एकच, मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक. बेस, म्हणजे औषध ज्यात मिसळून कातडीला लावायचं ते माध्यम, वेगवेगळे. कातडी कसायाकडून आणलेल्या डुकराच्या आणि बकऱ्याच्या कानांची. कुठल्या बेसमधून औषध कातडी ओलांडतं, किती ओलांडतं आणि का, एवढंच शोधायचं आहे.

"जनावरांचंच का?" असं मॅडमनी विचारलं. आमचं घर वाळपईच्या बाजूला. पावसाळ्यात गाय लंगडायला लागली की गुरांच्या डॉक्टरांना निरोप जातो आणि इंजेक्शनची वाट बघणं सुरू होतं. तोवर लोक घरात असेल ते माणसांचं दुखण्याचं जेल गाईच्या सांध्याला चोळतात. ते बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकचं असतं. मेलेल्या जनावरात ते उरलं तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, म्हणून जनावरांसाठी ते आपल्याकडे २००६पासून बंद आहे. केटोप्रोफेन आणि आसिक्लोफेनॅकवर २०२३मध्ये बंदी आली. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे, त्यामुळे निवडायला फार वेळ लागला नाही.

गाईवर ते जेल खरंच काही करतं का, हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून पडलेला आहे. कातडी एवढी जाड, वर केस, तेल, घाम, चिखल.

५ जून

प्रयोगाआधी कागदावर हिशेब. गाईला मेलोक्सिकॅमचं इंजेक्शन किलोमागे ०.५ मिलिग्रॅम देतात. २४० किलोच्या गाईला १२० मिलिग्रॅम झालं. हे सगळं ५०० चौरस सेंटिमीटर कातडीतून २४ तासांत आत न्यायचं म्हटलं तर दर चौरस सेंटिमीटरमधून दर तासाला १० मायक्रोग्रॅम जायला हवेत. कुत्र्याला पहिल्या दिवसानंतरचा रोजचा डोस किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १ मिलिग्रॅम. २० चौरस सेंटिमीटरच्या पट्टीतून तो द्यायला दर चौरस सेंटिमीटरमधून तासाला साधारण २ मायक्रोग्रॅम पुरतात.

हा फरक मी भिंतीवर लिहून लावला आहे. कातडीतून औषध देणं लहान जनावरात सोपं का पडतं, ते यात दिसतं. मोठ्या जनावरात एक तर ताकदीचं औषध हवं, नाही तर कातडीचा अडसर मुद्दाम सैल करणारा बेस हवा. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक पहिल्या प्रकारातलं आहे. पाठीवर ओतायचा त्याचा डोसही किलोमागे जेमतेम ०.५ मिलिग्रॅम, आणि इंजेक्शनचा ०.२. एकच औषध, एकच गाय, पण कातडीवरून द्यायचं तर अडीचपट लागतं.

७ जून

वाचन. खरा अडसर कातडीच्या सगळ्यात वरच्या मृत थराचा, स्ट्रॅटम कॉर्नियमचा. चपट्या, केराटिनने भरलेल्या पेशी आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मुक्त स्निग्धाम्लं यांचे पापुद्रे. आमच्याकडच्या चिऱ्यांच्या भिंतीसारखं : चिरे म्हणजे पेशी, त्यांच्यामधले सांधे म्हणजे स्निग्ध पदार्थ. औषधाला बहुतांशी या सांध्यांमधून नागमोडी वाट काढत जावं लागतं.

फिकच्या नियमाने मांडलं तर औषध जाण्याचा वेग चार गोष्टींवर ठरतो : थरातून सरकण्याची क्षमता, बेस सोडून कातडीत शिरण्याची ओढ, दोन्ही बाजूंच्या संहतीतला फरक आणि थराची जाडी. जाडी आपल्या हातात नाही. बाकीच्या तिन्ही गोष्टींवर बेसचा हात पोचतो. ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठा रेणू कातडीतून सहसा जात नाही असा ढोबळ नियम बॉस आणि माइनार्डी यांनी २०००मध्ये मांडला. मेलोक्सिकॅम ३५१ डाल्टनचं आहे, म्हणजे त्यात बसतं. आयव्हरमेक्टिन ८७५च्या आसपास असूनही पोर-ऑन, म्हणजे पाठीवर ओतायचं औषध, म्हणून चालतं. ते कसं, याचा काही भाग मला पुढे गोठ्यात शोधायचा आहे.

१० जून

कान मिळवणं हे या प्रकल्पातलं सर्वांत नाजूक काम. डुकराच्या कानाची कातडी माणसाच्या कातडीला जवळची मानतात, शिवाय गोव्यात डुकराचं मांस सहज मिळतं. पण डुक्कर कापल्यावर केस काढायला ते कढत पाण्यात बुडवतात. ६० अंशांच्या पाण्यात मिनिटभर ठेवलं तरी कातडीचा वरचा थर खालच्यापासून सुटतो. प्रयोगशाळेत तो थर वेगळा काढायची हीच तर पद्धत आहे. असा कान वापरला तर कुठलंही औषध झरझर पार होईल आणि त्या आकड्यांना काहीच अर्थ उरणार नाही.

म्हापशाच्या बाजूला एक अंकल पहाटे घरीच कापतात. त्यांना सगळं समजावून सांगितलं. "बाय, तुला कानच हवे ना? मग पाण्यात घालायच्या आधी काढून ठेवतो," म्हणाले, आणि बर्फात ठेवायची डबी माझ्याकडून मागून घेतली. माझ्या अख्ख्या प्रयोगाची विश्वासार्हता त्या माणसाच्या काळजीवर उभी आहे, हे मला विसरायचं नाही.

बकऱ्याचं काम सोपं. बकरा सोलतात, उकळत्या पाण्यात घालत नाहीत, त्यामुळे कान शाबूत मिळतो. मात्र श्रावण लागला की मटणाचा खप उतरतो, दुकानं रोज उघडतीलच असं नाही. बकऱ्याचे कान जुलैच्या मध्यापर्यंत गोळा करून उणे २० अंशांत ठेवायचे.

१३ जून

कातडी तयार करणं. थंड पाण्याने धुणं, केस कात्रीने बारीक कापणं (वस्तरा अजिबात नाही, त्याने वरचा थर खरवडला जातो), कूर्चेवरून कातडी सोडवणं, आतली चरबी काढणं, जाडी मोजणं, फॉइलमध्ये गुंडाळणं.

पूर्ण जाडीची कातडी घ्यायची की फक्त वरचा थर, यावर मॅडमशी बराच वेळ बोलले. उष्णतेने वरचा थर सुटा केला तर केसाळ कातडीत केस उपटून निघतात आणि त्यांच्या जागी भोकं राहतात. पूर्ण जाडीची घेतली तर खालच्या थराचा खोटा अडथळा येतो, कारण जिवंत जनावरात तिथल्या रक्तवाहिन्या औषध वरच्यावर उचलून नेतात. आमच्याकडे ठरावीक जाडीचे काप काढायचं डरमॅटोम यंत्र नाही. शेवटी सगळीकडे पूर्ण जाडी घ्यायची आणि आकडे फक्त एकमेकांशी ताडायचे असं ठरलं. यातून गाईचा डोस काढायचा नाही.

१६ जून

फ्रँझ सेल लावले. थॉमस फ्रँझ यांनी १९७५मध्ये या पद्धतीवर लिहिलं, तेव्हापासून काचेचं हे साधं उपकरण त्यांच्या नावाने ओळखलं जातं. वर औषधाचा कप्पा, मध्ये ताणलेली कातडी, खाली द्राव, बाजूच्या नळीतून नमुना काढायचा. आमच्या सेलचं तोंड १५ मिलिमीटरचं, म्हणजे १.७७ चौरस सेंटिमीटर कातडी उघडी राहते. खाली ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर. कातडीचा पृष्ठभाग ३२ अंशांवर हवा. बफरमधली हवा आधी काढून टाकायची, नाहीतर कातडीखाली बुडबुडा अडकतो आणि तेवढा भाग बादच होतो. पावसाळी दमटपणात कातडी आपोआप ओलावते आणि ओली कातडी जास्त सोडते, म्हणून खोलीची आर्द्रता रोज लिहायची.

प्रत्येक तुकडा शाबूत आहे का ते कळायला त्याचा विद्युत रोध आधी मोजायचा. ठरवलेल्या पातळीच्या खाली असेल तो तुकडा औषध लावण्यापूर्वीच बाजूला. निकाल बघून तुकडा काढायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

२० जून

मेलोक्सिकॅम कशात किती विरघळतं ते मोजलं. साध्या पाण्यात जवळजवळ नाहीच. प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकात थोडं. पीईजी ४०० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) या दुसऱ्या द्रावकात त्याहून बरंच जास्त. अल्कली घातली की पाण्यातही विरघळतं, कारण औषध आम्लधर्मी आहे, पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित होतात तो आकडा) सुमारे ४.२.

जेल दाट करायला कार्बोपोल वापरायचं तर ट्रायइथेनॉलअमाइन घालून पीएच वर न्यावा लागतो. जेल छान पारदर्शक, पिवळसर होतं, बघणाऱ्याला वाटतं किती सुंदर विरघळलं. पण ५.५ पीएचला ९५ टक्के रेणू भारित झालेले असतात आणि ७.४ला हजारात एकसुद्धा भाररहित उरत नाही. स्निग्ध थरातून सहज सरकतो तो भाररहित रेणू. कुत्र्याच्या कातडीचा पीएच माणसापेक्षा वरचा, उदासीनच्या जवळचा असतो, हेही ध्यानात धरायला हवं. माणसासाठी जमवलेलं जेल जनावरावर तसंच्या तसं चालेल असं समजणं इथेच चुकतं.

२४ जून

आज सांजांव, गोव्यातला सेंट जॉनचा सण. अंकलकडे गर्दी, कान नाहीत. दिवस प्रमाणवक्रासाठी, म्हणजे किती औषधाला यंत्रावर किती वाचन येतं त्याच्या रेषेसाठी, दिला : ३६२ नॅनोमीटरला वाचन, रेषा सरळ. औषध न घातलेला बेस कातडीवर लावूनही वाचन घेतलं, कारण कातडीतून सुटणारी प्रथिनं आकडे फुगवू शकतात. या तरंगलांबीला त्यांचा त्रास किरकोळ आहे.

३० जून

सिलिकॉनचा पडदा. आजचा निकाल माझ्या मते या प्रकल्पाचा कणा आहे.

कातडीऐवजी सिलिकॉन बसवला. निवडलेले द्राव त्याला फारसे फुगवत किंवा सैल करत नाहीत, त्यामुळे बेसचा कातडीवरचा परिणाम वजा होतो आणि बेस व औषध यांच्यातलं नातं तेवढं उरतं. दोन फेऱ्या केल्या. पहिलीत सगळ्या बेसमध्ये औषध सारख्याच टक्केवारीत. दुसरीत प्रत्येक बेस औषधाने संपृक्त, म्हणजे त्यात आणखी विरघळणार नाही इतकं.

पहिल्या फेरीत पीईजी ४०० सगळ्यात मागे. ज्यात औषध सगळ्यात छान विरघळलं तेच ते सोडायला तयार नाही. दुसऱ्या फेरीत सगळे जवळजवळ सारखे, एकात औषध दुसऱ्याच्या कितीतरी पट जास्त असूनही.

ताकेरू हिगुची यांनी १९६०मध्ये हेच मांडलं होतं : औषधाला ढकलणारी शक्ती टक्केवारीची नसते, ते त्या बेसमध्ये संपृक्ततेच्या किती जवळ आहे त्याची असते. वाचून हे पटलं होतंच. पण तक्त्यात त्या रेषा एकमेकींवर पडलेल्या बघितल्या आणि मी मॅडमच्या खोलीत अक्षरशः धावत गेले. दुकानात १ टक्क्याची ट्यूब २ टक्क्यांच्या ट्यूबपेक्षा कमी ताकदीची समजून लोक महागडी घेतात. बेस वेगळा असेल तर त्या आकड्यांवरून काहीही सांगता येत नाही.

७ जुलै

डुकराची कातडी. संपृक्त बेस, तेच सगळे. आता रेषा फाकल्या. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोल असलेला बेस पुढे गेला, पीईजी ४०० मागेच राहिला. सिलिकॉनवर जे सारखे होते ते कातडीवर वेगळे झाले, म्हणजे हा फरक बेसने कातडीतच घडवलेला. प्रॉपिलीन ग्लायकॉल स्वतः वरच्या थरात शिरतं आणि तिथे औषधाला जागा करून देतं. अल्कोहोल स्निग्ध पदार्थ सैल करतं, काही विरघळवतंही. पीईजी पाणी ओढून घेतं, त्याने वरचा थर उलट सुकतो.

पहिले काही तास सगळ्यांच्याच रेषा सपाट. औषध कातडीत भरतंय, पलीकडे अजून पोचलेलं नाही. हा लॅग टाइम लंगड्या गाईच्या मालकाला सांगायला हवा : लावलं की लगेच उतार पडणार नाही.

१४ जुलै

आतापर्यंत वरचा कप्पा भरून औषध ठेवत होतो. गोठ्यात कोणी असं ओतत नाही, पातळ थर चोळतात. म्हणून आज चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोलिटरपेक्षा कमी लावलं आणि कप्पा उघडा ठेवला.

चित्र पालटलं. अल्कोहोलचा बेस सुरुवातीला जोरात गेला आणि मग मंदावला. भिंगाखाली पाहिलं तर कातडीवर बारीक पिवळे स्फटिक. अल्कोहोल उडालं, उरलेल्या द्रवात औषध क्षमतेबाहेर दाटलं, काही काळ संपृक्ततेच्याही वरच्या जोराने ढकललं गेलं, आणि मग बाहेर पडून बसलं. स्फटिक झालेलं औषध कातडीच्या दृष्टीने कामातून गेलं.

म्हणजे बाटलीतला बेस आणि कातडीवर दहा मिनिटांनी उरणारा बेस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जे उडतं ते उडून गेल्यावर काय उरतं, याचा विचार करून बेस बांधायला हवा. पुढच्या फेरीत थोडं एचपीएमसी घालून पाहायचं. हे पॉलिमर स्फटिक बनणं लांबवतं.

१७ जुलै

एचपीएमसीने स्फटिक उशिरा आले, रेषा जास्त वेळ चढती राहिली. शेवटी स्फटिक आलेच.

२१ जुलै

मेन्थॉल. अमेरिकेत २०१७मध्ये गुरांसाठी फ्लुनिक्सिनचं पाठीवर ओतायचं वेदनाशामक मान्य झालं. त्याच्या लेबलवर दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम फ्लुनिक्सिन, तेवढंच मेन्थॉल आणि त्याच्या तिप्पट पायरोलिडोन आहे. कातडी सैल करणारे घटक औषधाच्या चौपट! किलोमागे ३.३ मिलिग्रॅमचा डोस आत न्यायचा तर हे करावंच लागलं असणार. माझा ५ जूनचा हिशेब यामुळे आणखी खरा वाटायला लागला.

आमच्या बेसमध्ये मेन्थॉल घातलं की मेलोक्सिकॅमची विद्राव्यता बदलते, म्हणून ती पुन्हा मोजून बेस पुन्हा संपृक्त केला. त्याशिवाय तुलनाच होत नाही. प्रकाशित निबंधांतही ही पायरी गाळलेली आढळते, आणि मग मेन्थॉलचं श्रेय की संपृक्ततेचं ते कळत नाही. डुकराच्या कातडीवर मेन्थॉलचा बेस स्पष्ट पुढे. बकऱ्याच्याही. मात्र बकऱ्याच्या तुकड्या-तुकड्यांत तफावत फार. केस दाट, प्रत्येक केसाची मुळाशी जाणारी वाट, तिथली तेलग्रंथी. सगळ्या तुकड्यांत ते सारखं नसणारच. क्रम मात्र दोन्ही प्राण्यांत तोच राहिला.

२ ऑगस्ट, वाळपई

घरी आले. गोठ्यात तास-दोन तास नुसती बसून गाई बघितल्या. त्या एकमेकींना सतत चाटतात. मान, खांदे, पाठ. आयव्हरमेक्टिन पाठीवर ओतल्यावर किती औषध कातडीतून जातं आणि किती जिभेवरून, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी जुळ्या गाईंवर तपासलं. एकीला चाटू दिलं, दुसरीला नाही. अर्ध्याहून जास्त डोस चाटण्यातून पोटात जात होता. ८७५ डाल्टनचा रेणू पोर-ऑन म्हणून का चालतो, याच्या उत्तराचा एक मोठा भाग हा. शिवाय ज्या गाईवर ओतलंच नाही तिच्याही पोटात औषध जातं, तिच्या दुधाचं काय? फ्रँझ सेलला जीभ नसते.

शेजारच्या आजोबांनी करंजेल तेलाची बाटली दाखवली. गोचिडांसाठी ते वर्षानुवर्षं लावतात. "तेल आत मुरतं, म्हणून गुण येतो," ते म्हणाले. करंजेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं आणि मुक्त ओलेइक आम्ल कातडीचे स्निग्ध पापुद्रे विस्कटतं हे खरं. पण तेलात ते ग्लिसरॉलला बांधलेलं असतं, त्यामुळे तेवढा परिणाम तेलाकडून अपेक्षित नाही. मी आजोबांना म्हटलं, गोचीड वर बसते, तेव्हा तेल वर राहिलं तरच तिला लागेल. त्यांना ते पटलं. आमच्या सत्तरी तालुक्यात २०१५पासून गोचिडांमुळे पसरणारा माकडताप आहे, त्यामुळे गोचीड हा इथे गप्पांचा विषय नाही. अशा भागांत माणसांना अंगाला लावायला डेपा हे गोचिडांना दूर ठेवणारं तेल देतात. त्याच्या बेसचं काम माझ्या बेसच्या नेमकं उलट : औषध वरच धरून ठेवणं, आत जाऊ न देणं. कुत्र्यांना पिसवा-गोचिडांसाठी लावतात त्या फिप्रोनिलचंही तसंच. ते कातडीवरच्या तेलात पसरतं, तेलग्रंथींत साठून राहतं, रक्तात फारसं जातच नाही.

१२ ऑगस्ट

हिशेब जुळवणं. २४ तासांनी कातडी धुतली, चिकटपट्टीने वरचा थर थरावर थर काढला, उरलेली कातडी कापून औषध काढलं. धुतलेलं, पट्ट्यांवरचं, कातडीतलं आणि पलीकडे गेलेलं मिळून लावलेल्या औषधाच्या ९० ते ११० टक्क्यांत यायला हवं. कंटाळवाणं, पण याशिवाय बाकीचे आकडे मी कोणाला दाखवणार नाही.

पातळ थराच्या फेरीत सगळ्याच बेसमधलं बहुतेक औषध धुण्यातच निघालं, म्हणजे कातडीवरच होतं. पावसात चरायला गेलेल्या गाईच्या अंगावरचं हे सगळं वाहून जाणार आणि ओहोळात मिसळणार. आत गेलेल्यापैकी मेन्थॉलच्या बेसने जास्त पलीकडे पोचवलं, नुसत्या प्रॉपिलीन ग्लायकॉलने कातडीतच जास्त साठवलं. पूर्ण अंगाला औषध हवं तर पहिला, कातडीलगतच्या सुजेला हवं तर दुसरा विचारात घ्यावा. "जास्त आत गेलं ते चांगलं" असं सरसकट म्हणता येणार नाही.

२० ऑगस्ट

मॅडमना सगळे तक्ते दाखवले. गाईच्या डोसाबद्दल काहीही लिहायचं नाही यावर त्या ठाम आहेत, मीही. कानाच्या कातडीवरून पाठीच्या कातडीबद्दल बोलता येत नाही, आणि कापलेल्या तुकड्यात रक्त वाहत नाही. पण माझ्या भिंतीवरच्या १० मायक्रोग्रॅमच्या आसपास आमचा एकही बेस पोचला नाही, हे लिहायला त्यांनी परवानगी दिली. कुत्र्याच्या २ मायक्रोग्रॅमबद्दल आशा ठेवायला जागा आहे, म्हणून पुढची फेरी पट्टीची : मेन्थॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल, एचपीएमसी, वरून झाकलेलं, म्हणजे उडणार नाही, वाहणार नाही आणि चाटलंही जाणार नाही. मेन्थॉलने कातडी लाल होते का, हे जिवंत प्राण्यावरच कळेल आणि त्यासाठी प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी लागेल. अर्जाचा मसुदा चतुर्थीच्या सुट्टीआधी मॅडमच्या टेबलावर ठेवायचा आहे. अंकलना फोन केला, सप्टेंबरचे कान सांगून ठेवले.